शेवटची चाळीस पानं

यंदा गणराजची तिथी गुरुवारी आली, म्हणून त्याच्या थोरल्या भावाला, जयसिंगला, रजा टाकावी लागली नाही. चाकणच्या कारखान्यांना गुरुवारचीच सुट्टी. सकाळी गुरुजी येऊन गेले, गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. उद्धवराव जिना उतरताना म्हणाले, पोराचा जीव कशात अडकलेला नाही, बघा. सुमनताईंनी ऐकलं आणि ताम्हन घासायला घेतलं. धाकटा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या दिवशी त्या कामापुरतंच बोलत आल्या होत्या.

गणराज पस्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, असं निगडीतल्या त्या गल्लीला ठाऊक होतं. भूम तालुक्यातल्या गावीही तसंच कळवलं होतं. खरं काय ते घरातल्या पाच मोठ्या माणसांना माहीत होतं, आणि त्या पाचांनी ते आपसांतसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. तेव्हा दहा वर्षांची असलेली जयसिंगची मुलगी वर्षाली आता अकरावीला होती. तिलाही अटॅकच सांगितला होता.

करिष्मा, दोघा भावांच्या पाठची बहीण, पुनावळ्याहून अकरालाच आली. हिंजवडीच्या एका कंपनीत ती एचआरला होती, आणि आजच्या दिवसाची रजा दर वर्षी आधीच टाकून ठेवायची. पर्स ठेवायला म्हणून ती वर वर्षालीच्या खोलीत गेली आणि अर्धा तास खाली आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक पुस्तक होतं. जयसिंगची बायको मिनल कढईत वडे सोडत होती.

“वहिनी, गॅस बंद कर जरा.”

मिनलने हातातला वडा आधी सोडला, मग गॅस बारीक केला. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयाचं होतं. करिष्मा सांगायला लागली, बारावीतल्या एका मुलीची गोष्ट आहे, तिला डिप्रेशन येतं, तिला जगावंसं वाटत नाही. पुढचं मी वाचलं नाही, पण हे बघ. तिने मधलंच पान उघडलं. दोन ओळींखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढली होती.

‘दिवसभर घरात सगळे होते. मी कुणाशी एक शब्द बोलले नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.’

करिष्मा पानं उलटत गेली. रेघा बऱ्याच होत्या. ‘झोपून उठलं तरी अंग दमलेलंच असतं.’ ‘हसायची वेळ आली की पूर्वी कशी हसायचे ते आठवून हसते.’ एका ठिकाणी तर दोनदा रेघ ओढली होती, इतकी दाबून की कागदाच्या मागे वळ उठला होता. ‘माझ्यावाचून यांचं नीट चालेल.’

मिनलला आधी राग आला. कुणाचा, ते तिला कळेना. मग तिने गॅस बंद केला. वर्षाली आकुर्डीच्या क्लासवरून येते, जेवते, दार लावून घेते. सोळा वर्षांच्या सगळ्या मुली तसंच करतात, असं आपण धरून चाललो. आपण तिच्याशी शेवटचं कधी नीट बोललो, हे ती आठवायला लागली, तर टेस्टचे मार्क, ओला टॉवेल आणि मोबाइल, एवढंच आठवलं.

आज नको, ती म्हणाली. आजचा दिवस जाऊ दे.

करिष्माने स्वयंपाकघराचं दार लोटलं. “त्या दिवशी दुपारी गणूदादाचा मला फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, कट केला. नंतर करू म्हटलं.” ती भिंतीकडे बघत बोलत होती. “हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पण आता मी थांबणार नाही, वहिनी. आजच बोलायचं.”

मिनलने तिला एवढंच मागितलं, की जेवणं होऊ देत.

*

जेवणं झाली. मागचं आवरून सगळे बाहेरच्या खोलीत बसले तेव्हा करिष्माने पुस्तक उद्धवरावांच्या पुढ्यात ठेवलं आणि काय ते सांगितलं. वर्षाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. जयसिंग खिडकीपाशी, दर गुरुवारी बसायचा त्याच खुर्चीत.

उद्धवरावांनी चष्मा लावून पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला. त्यांना राग यायला वेळ लागला नाही. कॉलेजात पोरांना असलं वाचायला देतात? जे डोक्यात नाही ते डोक्यात भरवायचं? उद्या मी स्वतः जाऊन प्राचार्यांना भेटतो, म्हणाले. ते पंचवीस वर्षं युनियनमध्ये होते. साहेबांच्या केबिनमध्ये शिरून बोलायची त्यांना सवय होती, आणि अजून घरातले प्रश्नही ते तसेच सोडवायला जायचे.

करिष्मा म्हणाली की पुस्तकाचं सोडा, मुलीचं बघा. आमच्या कंपनीच्या लोकांना बघणारे एक डॉक्टर चिंचवडला आहेत, मी आज संध्याकाळची वेळ घेते. काही दिवस वर्षालीला माझ्याकडे पुनावळ्याला नेते.

“डॉक्टर कसला?” उद्धवराव म्हणाले. “लेकरू सोळा वर्षांचं आहे. त्याला येड्याच्या डॉक्टरकडं नेणार? उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं म्हंजे?”

बोलता बोलता ते अडखळले. हीच वाक्यं आपण आधी कुठं बोललो, हे त्यांना आठवलं. याच खोलीत. गणराज जायच्या चार महिने आधी त्याच्या शर्टाच्या खिशात त्यांना गोळ्यांची पाकिटं सापडली होती. आपल्या खानदानात कुणी येडं नाही, असं ते म्हणाले होते, आणि गणराजने वाद घातला नव्हता. मुलगा लहानपणापासून ऐकणारा. त्याने त्यांच्यासमोर गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि पंखा लावून तिथेच आडवा झाला. उद्धवरावांना तेव्हा वाटलं होतं, विषय मिटला.

ते खाकरले आणि आवाज चढवून म्हणाले की मोबाइल काढून घ्या, आजीला तिच्या खोलीत झोपवा, आणि हे पुस्तक आत्ताच्या आत्ता घराबाहेर जाऊ दे.

मिनल आतापर्यंत सासऱ्यांच्या पुढे फारसं बोललेली नव्हती. ती म्हणाली, मुलगी माझी आहे आणि मी तिला संध्याकाळी डॉक्टरांकडे नेणार. करिष्मा आणि ती, एरवी दिवाळीच्या फराळावरूनही न पटणाऱ्या दोघी, सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. उद्धवरावांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. सुमनताई खाली मान घालून लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. जयसिंग खिडकीबाहेर बघत होता.

*

वर्षालीला सगळ्यांनी मिळून विचारलं, की तुला काय होतंय. ती म्हणाली, मला काही होत नाहीये.

मग हे वाचतेस कशाला, आजोबांनी विचारलं. चांगलं आहे म्हणून, ती म्हणाली. आणि रेघा? रेघा मी ओढलेल्या नाहीत. त्यावर आत्याने तिच्याकडे ज्या मायेने पाहिलं, त्या मायेचीच तिला भीती वाटली. काय बोललं तरी आता यांना ते लपवणंच वाटणार.

रेघा कुणाच्या, हे तिला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी ती हे पुस्तक वाचताना रडत होती आणि बाबांनी दारातून विचारलं होतं, काय झालं गं. तिने सांगितलं, वाचून बघा ना. बाबा हसले. पण दुसऱ्या दिवशी तिने वाचून झालेलं पुस्तक त्यांच्या डब्याच्या पिशवीवर ठेवलं तेव्हा त्यांनी ते नेलं. पंधरा दिवसांनी मुदत संपली म्हणून तिने परत मागितलं आणि ग्रंथालयात जाताना बसमध्ये चाळलं. पहिली रेघ दिसली तेव्हा तिला वाटलं, आपल्या आधी कुणी वाचणाऱ्याने ओढली असेल. पण ती वाचत असताना पानं कोरी होती. मग तिने सगळ्या रेघा एकापाठोपाठ वाचल्या. कॉलेजच्या स्टॉपवर उतरायचं ती विसरली नाही, उतरली, आणि तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिली.

तिने मुदत वाढवून घेतली आणि पुस्तक पुन्हा डब्याच्या पिशवीवर ठेवलं. नंतर आणखी एकदा वाढवली. दर वेळी रेघा पुढे सरकलेल्या असायच्या. बाबांशी काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. आईला सांगावं तर बाबांची चहाडी केल्यासारखं होईल. पुस्तकातली मुलगी शेवटी एका माणसाला सांगते. बाबा तिथपर्यंत पोचले की आपोआप सांगतील, असं तिने मनाशी धरलं होतं. काल सुट्टीच्या आदल्या दिवशी पिशवी धुवायला टाकताना तिने पुस्तक काढून आपल्या टेबलावर ठेवलं, आणि तिथेच घोळ झाला.

आता आई रडायच्या बेतात होती. आजोबा पुस्तकावर तळहात ठेवून बसले होते.

“ठीक आहे,” वर्षाली म्हणाली. “मी जाते आत्याबरोबर. डॉक्टरांकडे पण जाते.”

*

जयसिंगने ते ऐकलं. मुलगी आपल्याकडे बघत नाही, अगदी ठरवून बघत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे हिला माहीत आहे. आणि माहीत असून ती आपल्या जागी जायला निघाली आहे.

तो चाकणजवळ एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासायच्या विभागात होता. अठरा वर्षं. सदोष भाग दिसला की त्यावर खूण करायची आणि बाजूला काढायचा. दिवाळीनंतर कधीतरी त्याला सकाळी उठवेनासं झालं. उठायचा तरी, पावणेसहाची कंपनीची बस एकदाही चुकवली नाही. पण अन्नाला चव राहिली नाही, आणि लोक बोलत असले की ते काचेच्या पलीकडून बोलतायत असं वाटायचं. कारण कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. नोकरी होती, घर होतं, कुणाशी भांडण नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

पुस्तक त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. डिप्लोमानंतर त्याने पुस्तक असं हातात घेतलं नव्हतं. तळवड्याच्या चौकात बस अडकली की चार-पाच पानं व्हायची. तिसऱ्या दिवशी त्याला एक ओळ भेटली आणि त्याने शेजारी बसलेल्या नवनाथकडे चोरून पाहिलं, याने तर वाचली नाही ना. आपल्या आत जे चाललंय ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, तेही सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी. हाताला सवय होती, त्याने खूण केली. मग करतच गेला. ग्रंथालयाचं पुस्तक आहे, मुलीला बोलणी बसतील, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटची चाळीस पानं राहिली असताना तो थांबला होता. ती मुलगी कुणाला न सांगता घरातून निघाली होती. पुढचं पान उलटायची त्याला हिंमत होत नव्हती.

करिष्मा डॉक्टरांचा नंबर शोधत होती. मिनल उठून वर्षालीच्या दिशेने निघाली होती.

“त्या खुणा माझ्या आहेत,” जयसिंग म्हणाला.

कुणाला काही समजलं नाही. कसल्या खुणा, उद्धवरावांनी विचारलं.

“पुस्तकातल्या. वर्षालीनं नाही, मी केल्यात. बसमध्ये.”

मिनल खोलीच्या मधोमध उभी राहिली. करिष्माने फोन मांडीवर उलटा ठेवला. सगळ्यात आधी उद्धवराव बोलले, घाईघाईने, एकाला एक जोडून. ओव्हरटाइम फार होतोय तुझा. पहिल्या शिफ्टला झोप होत नाही. रक्त तपासून घे. चार दिवस गावाकडं जाऊन ये, मोकळ्या हवेत…

“थांबा तुम्ही,” सुमनताई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण उद्धवराव थांबले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना असं कुणी थांबवलं नव्हतं.

“गणू अटॅकनं गेला न्हाई. त्यानं जीव दिला.” त्या नातीकडे बघून हे बोलल्या आणि मग नवऱ्याकडे वळल्या. “त्याच्या गोळ्या तुमी टाकायला लावल्या. मी दारात उभी राहून बघत हुते. मी बी गप बसले. सहा वर्षं झाली, गपच हाय. आता ह्या लेकरावर तुमी काय बोलू नका.”

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. करिष्मा रडत होती. गोळ्यांचं तिला आज पहिल्यांदा कळत होतं, आणि आईवर, वडिलांवर, स्वतःवर, नेमकं कुणावर चिडावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

वर्षालीने हळूच सांगितलं, की मला आठवीपासून माहीत आहे. शाळेत एकीने सांगितलं होतं. काकांना काय होत असेल ते कळावं म्हणूनच मी हे पुस्तक घेतलं होतं.

मिनल जयसिंगच्या खुर्चीपाशी गेली आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. तिच्या मनात एकाच वेळी शंभर गोष्टी येत होत्या. हा माणूस रोज माझ्याशेजारी झोपतो. रोज डबा घेऊन जातो आणि अर्धा परत आणतो, आणि मी त्याला भाज्या बदलून देत राहिले. पण विचारायचं होतं ते एकच होतं, आणि ते तिने सरळ विचारलं.

“जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या?”

करिष्मा दचकली. उद्धवरावांनी मान खाली घातली.

“येतं,” जयसिंग म्हणाला.

“काही ठरवलंय?”

“नाही. ठरवलं नाही. पण रोज येतं.” मग तो म्हणाला, “मला वाटायचं, हे सांगितलं की तू घाबरशील.”

“घाबरलेच आहे,” मिनल म्हणाली. तिने त्याचा हात धरला तो सोडला नाही. तिने मागे न बघता करिष्माला सांगितलं, की डॉक्टरांना फोन लाव, आजचीच वेळ हवी, आणि काय झालंय ते सगळं सांग.

करिष्मा फोन घेऊन आत गेली. वर्षाली पायरीवरून उठून बाबांजवळ आली. तिला त्यांच्या अंगाला हात लावावासा वाटत होता, पण लहानपणानंतर ती सवय मोडली होती. ती खिडकीचा गज धरून उभी राहिली.

“शेवट वाचला नाही ना तुम्ही?”

त्याने मान हलवली. भीती वाटली, म्हणाला.

“ती जगते, बाबा.” वर्षाली म्हणाली. “सगळं नीट होत नाही तिचं. तिचं वर्ष जातं. गोळ्यांनी आधी नुसती झोप येते, नंतर ती बदलून घेते. पुन्हा एकदा तिला तसं वाटतंसुद्धा. पण ती जगते.”

जयसिंगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सहा वर्षांपूर्वी भावाला नेलं तेव्हाही तो रडला नव्हता; तेव्हा लोकांना अटॅक कसा आला ते सांगायचं काम त्याच्याकडे होतं.

*

सहाची वेळ मिळाली. कोण कोण जायचं, यावर पुन्हा थोडं बोलणं झालं. मिनलला सासरे नको होते, आणि तिने ते स्पष्ट सांगितलं. करिष्माचंही तेच मत पडलं. उद्धवराव आत जाऊन शर्ट बदलून आले आणि दाराशी उभे राहिले. कुणी नेलं नाही तर रिक्षाने मागोमाग येतील, असं दिसत होतं.

“जाऊ द्या त्यास्नी,” सुमनताई म्हणाल्या. “तिथं बसू द्या.”

त्या स्वतः वर्षालीजवळ थांबल्या. करिष्मा गाडी चालवत होती. चिंचवडला पूल उतरताना जयसिंगने विचारलं, की उद्या पहिली शिफ्ट आहे, कंपनीत काय सांगायचं. मिनल म्हणाली, आजारी आहेत म्हणून सांगू. तो म्हणाला, हो, ते खोटं नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. लोखंडी खुर्च्या, पाण्याचं पिंप, भिंतीला एक कॅलेंडर. समोरच्या रांगेत एक म्हातारा, कॉलेजची दोन मुलं, कडेवर मूल घेतलेली एक बाई. उद्धवरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांना इथे वेगळी माणसं दिसतील असं वाटलं होतं. ही तर बँकेत दिसतात तशीच माणसं होती.

करिष्मा गाडी लावायला खाली थांबली होती. टेबलामागच्या मुलीने कागद पुढे ओढला आणि जयसिंगचं नाव, वय, नोकरी लिहून घेतली. झोप कशी आहे, जेवण कसं आहे. तो उत्तरं देत होता, थोडक्यात, कंपनीत देतो तशी. मग तिने विचारलं, घरात याआधी कुणाला असा त्रास होता का.

मिनलने सासऱ्यांकडे पाहिलं, पण ती त्यांच्या वतीने बोलली नाही.

“माझ्या धाकट्या मुलाला होता,” उद्धवराव म्हणाले.

आता ते कसे आहेत, मुलीने लिहिता लिहिता विचारलं.

“तो नाही आता. सहा वर्षांखाली त्यानं आत्महत्या केली.”

समोरच्या म्हाताऱ्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मुलीचं पेन क्षणभर थांबलं. तिने आवाज खाली आणून विचारलं, उपचार चालू होते का त्यांचे.

“चालू होते,” उद्धवराव म्हणाले. “मी बंद करायला लावले.”

तिने ते लिहिलं. कागदावर त्यासाठी दोनच ओळींची जागा होती, आणि त्यात ते मावलं.

बराच वेळ गेला. कॉलेजची मुलं आत जाऊन आली, बाई जाऊन आली. करिष्मा वर येऊन मिनलच्या शेजारी बसली. जयसिंग गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत होता. वडील दोन खुर्च्या सोडून बसले होते, आणि मधल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

नाव पुकारलं. जयसिंग उठला, मिनल उठली. दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि मागे वळला.

“अण्णा,” तो म्हणाला, “तुम्ही पण या आत.”

उद्धवरावांना उठायला वेळ लागला. तेवढा वेळ मिनलने दार धरून ठेवलं.